धरणात गेलेला हत्ती

सोपान गोव्याहून परत आला तेव्हा त्याने बरोबर एक पत्र्याची पेटी, सहा ब्रश आणि एक शब्द आणला. पेटीचं आणि ब्रशांचं कुंडलिकला काही वाटलं नाही. तसले ब्रश त्याच्याकडेही होते, माळ्यावर, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवलेले. शब्द मात्र त्याच्याकडे नव्हता, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

दोन हजार सातचा जानेवारी होता. निमगाव सावा गावात, गेणूच्या चहाच्या टपरीवर, दहा-बारा माणसांच्या देखत सोपानने तो शब्द काढला.

"सौदाद," तो म्हणाला.

"कोण आलंय?" गेणूने विचारलं.

"आलं न्हाई कुणी. शब्द हाय. पोर्तुगीज."

"म्हंजी काय?"

सोपानने चहाचा घोट घेतला, समोरच्या विजेच्या खांबाकडे बघितलं आणि म्हणाला, "ते मराठीत सांगता येत न्हाई."

बाकड्याच्या टोकाला बसलेल्या कुंडलिकला हे फार लागलं. सोपानला जे होतं ते मराठीत सांगता येत नव्हतं आणि आपल्याला आजवर जे जे झालं, ते सगळं मराठीत, तेही गेणूच्या टपरीवर बसून सांगता आलं होतं. गोवर, कावीळ, लग्न, सगळं.

"आठवण म्हण की सरळ," तो म्हणाला.

"आठवण न्हाई."

"मग हुरहूर."

"हुरहूर जवळ येती. पण नाय."

"चुटपुट? रुखरुख?"

सोपानने प्रत्येक शब्दाला मान हलवली, डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून हलवतात तशी.

"पित्त असंल," कुंडलिक शेवटी म्हणाला.

लोक हसले, पण सोपानही हसला, त्यामुळे मजा गेली. मग सोपानने सांगितलं. मडगावजवळ एका म्हातारीच्या घराला तो रंग लावत होता. तोपर्यंत त्याने चित्रं, पाट्या सगळं सोडून दिलं होतं, नुसता भिंतींना चुना आणि डिस्टेंपर मारायचा. म्हातारीने एकदा जेवताना विचारलं, तुझं गाव कुठलं. तो म्हणाला, पाण्याखाली आहे. डिंभ्याच्या धरणात गेलं. म्हातारीने ताट बाजूला सारलं आणि त्याला तो शब्द सांगितला. जे गेलं ते गेलंय हे पक्कं माहीत असतं, आणि तरी ते शेजारच्या खोलीत बसून भाजी निवडतंय असं वाटत राहतं, ते. दुसऱ्या दिवशी सोपानने तिच्या परसातल्या भिंतीवर आपली अख्खी वाडी काढली. बावीस घरं, देऊळ, शाळा, चिंच. आठ वर्षांनी हातात चित्राचा ब्रश धरला होता, आणि तो थांबेचना.

"मडगावच्या बाई सांगत व्हत्या," सोपान म्हणाला, "बटाटा शब्द पोर्तुगीजांचाच, पाव त्यांचाच, चावी बी त्यांचीच."

"एवढं सगळं आपल्याला दिलं," कुंडलिक म्हणाला, "आन् ह्यो एकच शब्द मागं ठिवला? तुझ्यासाठी?"

गेणूने सोपानला दुसरा चहा आपणहून दिला. कुंडलिकला गेल्या सतरा वर्षांत त्याने आपणहून एकच गोष्ट दिली होती, ती म्हणजे लग्नाचा सल्ला.

आता ह्या दोघांचं आधीचं सांगायला पाहिजे. नारायणगावात धर्माजी पेंटर म्हणून होते. ते तमाशाच्या फडांचे पडदे रंगवायचे: महाल, बाग आणि जंगल. बाकी जगात काही असेल असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांच्या हाताखाली ही दोघं पोरं एकदमच लागली. धर्माजींनी सहा महिन्यांत वाटणी करून टाकली. सोपानचं अक्षर छापल्यासारखं, म्हणून पाट्या त्याच्याकडे. कुंडलिकचं अक्षर कोंबडीने काढल्यासारखं, पण हत्ती असा काढायचा की माणसं बाजूला सरकायची. म्हणून चित्रं त्याच्याकडे.

खरी मागणी होती लग्नाच्या भिंतींना. लग्नघराच्या दारालगतची भिंत चुन्याने पांढरी करायची, दोन्ही बाजूंना हत्ती आणि भालदार-चोपदार काढायचे, वर गणपती, मधे नवरा-नवरीचं नाव आणि तारीख. एकदा काढली की त्या घरात पुढचं लग्न निघेपर्यंत त्या भिंतीला कुणी हात लावत नाही. आणि उजव्या कोपऱ्यात खाली पेंटरचं नाव-गाव, म्हणजे पुढचं काम आपोआप चालत येतं. कुंडलिकचं नावसुद्धा सोपानच लिहायचा, कारण कुंडलिकने स्वतः लिहिलं की लोकांना ते हत्तीचं शेण वाटायचं. एक्क्याण्णव-ब्याण्णवला दोघं मिळून मढपासून मंचरपर्यंतच्या भिंती रंगवत हिंडले. मग सोपानची वाडी धरणात गेली, सोपान गोव्याला गेला आणि काही वर्षांनी फ्लेक्स आला.

फ्लेक्स आल्यावर कुंडलिकने एका महिन्यात ब्रश माळ्यावर टाकले आणि नारायणगावात 'कुंडलिक डिजिटल' उघडलं. वाढदिवस, दशक्रिया, भावी सरपंच. आता त्याच्याकडे एकच हत्ती होता, सीडीवर मिळालेला, राजस्थानी झूल घातलेला. लग्नाच्या फ्लेक्सवर तो डावीकडे टाकायचा आणि त्यालाच उलटा करून उजवीकडे. बरं चाललं होतं. दुःख असं काही नव्हतं. आता तीच अडचण होऊन बसली.

सोपानला गावात बहीण होती, चांगुणा. वाडी बुडायच्या आधी, ब्याण्णवला, तिला निमगावात दिली होती. सोपान तिच्याकडेच उतरला आणि आठ दिवसांत तिच्या गोठ्याच्या भिंतीवर त्याने वाडी काढली. बाया बघायला यायला लागल्या. धरणातून उठून आलेली माणसं लांबून एसटीने यायला लागली आणि भिंतीवरच्या आपापल्या घरावर बोट ठेवून उभी राहायला लागली. एका म्हाताऱ्याने तर चित्रातल्या दाराला नारळ वाढवला, आणि चांगुणाच्या म्हशीने त्यातलं खोबरं खाल्लं.

कुंडलिक रात्रंदिवस जळत होता. त्याला वाटायचं, असली सौदाद काय, मलाही असेल. असणारच. फक्त मोकळी झालेली नाही. म्हणून एका रविवारी तो ओट्यावर वही घेऊन बसला आणि आपलं काय काय गेलं ते आठवू लागला. एक दाढ गेली होती. ओतूरच्या बाजारात एक सायकल गेली होती. एक सोयरीक गेली होती, पण ती त्यानेच मोडली होती. ह्यातल्या कशावर अख्खी भिंत निघेल असं त्याला वाटेना. दाढेवर तर नाहीच.

"काय लिव्हताय?" बायको रत्नाने विचारलं.

"माझं काय काय गेलं ते."

"माझं बी लिव्हा त्यात. लगीन झाल्यापासून कुठं गेलेच न्हाई मी."

मग त्याने पाटबंधारे खात्यात ओळखीच्या माणसाला गाठून, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, सहज विचारलं की आपल्या गावाचा बुडायचा काही योग आहे का.

"छे छे," तो माणूस म्हणाला, "उलट तुमाला पाणी वाढून मिळणार हाय. कालव्याचं काम निघतंय."

म्हणजे असं. कुठल्या धरणाचं पाणी कुठल्या कालव्यात जातं ते खात्यालाच माहीत, पण कुंडलिकच्या डोक्यात हिशेब पक्का बसला. पाणी सोपानच्या गावावर चढलं, सोपानला शब्द मिळाला, आणि आपल्या वाट्याला आला कालव्यावरचा कांदा.

"नशीब लागतं गाव बुडायला," तो रत्नाला म्हणाला.

रत्ना भाकरी थापत होती. तिने हात थांबवला. "अवो, तुमाला जे झालंय ना, त्याला मराठीत शब्द हाय. जळकेपणा."

एप्रिलात सावळेरामअण्णांच्या नातीचं, समृद्धीचं, लग्न ठरलं. अण्णांचा बंगला नवा, आणि रस्त्याकडेच्या कंपाउंडची भिंत तीस फूट लांब. फ्लेक्सची ऑर्डर कुंडलिकला होती, वीस बाय दहा. तो छापूनही आला. मग अण्णा एक दिवस चांगुणाच्या गोठ्याकडे गेले, तिथे अर्धा तास उभे राहिले, आणि येताना सोपानला बरोबर घेऊनच आले.

"कुंडलिक, वाईट वाटून घेऊ नको," अण्णा म्हणाले. "पण ह्याच्या भिंतीत जीव हाय राव. तुझा फ्लेक्स आमी वापरणार हाय. टाकून देणार न्हाई."

त्यांनी शब्द पाळला. फ्लेक्स आचाऱ्याच्या चुलीला वाऱ्याचा आडोसा म्हणून लावला. नवरा-नवरीचे हसरे चेहरे आतल्या बाजूला, पुऱ्यांकडे.

सोपानने ती भिंत बारा दिवस रंगवली. कुंडलिक रोज सकाळी मोटारसायकलवरून तिथून जायचा, आणि भिंत उजव्या हाताला असल्यामुळे कटाक्षाने डावीकडे बघायचा. डावीकडे सोसायटीची मुतारी होती. बारा दिवसांत त्याला ती तोंडपाठ झाली.

लग्नाला मात्र जावं लागलं. अण्णांच्या घरचं कार्य, न जाऊन कसं चालेल. मांडवात शिरतो न शिरतो तोच मढचे एक पावणे फेटा सावरत आले आणि त्यांनी त्याला मिठीच मारली.

"तुमीच का कुंडलिक पेंटर?"

"व्हय."

"काय काम केलंय राव! डोळ्यात पाणी आलं."

"चुलीमागं लावलाय त्यो?" कुंडलिकने विचारलं. आणि धुराने आलं असेल, असंही त्याच्या मनात आलं.

"चुलीमागं काय? भिंतीचं म्हणतोय मी. माझी बहीण तिकडं दिली व्हती, धरणात गेलेल्या गावात. तिच्या दारातलं तुळशीवृंदावन बी न्हाई चुकवलं तुमी!"

एवढ्यात आणखी एक पावणे आले आणि त्यांनी खांद्यावर हात ठेवला. मग दोन बाया आल्या आणि नुसत्याच त्याच्याकडे बघून डोळ्याला पदर लावून गेल्या. कुंडलिकला काही कळेना. तो गर्दीतून वाट काढत बाहेर आला, आणि बारा दिवसांनी पहिल्यांदा त्याने मान उजवीकडे वळवली.

चांगली होती. तेच तर. इतकी चांगली होती की कुंडलिक नको म्हणता म्हणता आणखी जवळ गेला. पाण्याआधीची घोड नदी, तिच्या काठाची चिंच, शाळेची टांगलेली घंटा, सारवलेली अंगणं. आणि मधोमध सोपानचं स्वतःचं घर, चांगुणाच्या लग्नाच्या दिवशीचं. त्या घराच्या वितभर भिंतीवर लग्नाचं चित्र होतं, एक हत्ती होता, आणि उजव्या कोपऱ्यात खाली, मुंगीएवढ्या पण छापल्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं: कुंडलिक पेंटर, निमगाव सावा.

चांगुणाच्या लग्नाची भिंत कुंडलिकनेच रंगवली होती. सोपानने आठवणीतलं सगळं जसंच्या तसं काढलं, तेव्हा कोपऱ्यातलं नावही जसंच्या तसं काढलं, कारण ते तिथे होतं. स्वतःचं नाव त्याने कुठेच टाकलं नव्हतं. आता भिंत बघणारा माणूस सवयीने पेंटरचं नाव शोधणार, आणि तीस फुटांत त्याला नाव सापडणार एकच.

कुंडलिकने इकडे-तिकडे बघितलं. सोपान लांब पंगतीत वाढत होता. म्हटलं, खुलासा करावा. मग म्हटलं, एवढ्या लोकांत कुणाकुणाला करणार. त्यापेक्षा जेवून घ्यावं.

दुसऱ्या पंगतीला बसेपर्यंत त्याने तीन जणांचे आभार मानले होते. चौथ्याने विचारलं, "हे सुचलं कसं वो तुमाला?" कुंडलिकने मांडवाच्या खांबाकडे बघितलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि म्हणाला, "सौदाद."

"म्हंजी?"

"ते मराठीत सांगता येत न्हाई."

आयुष्यात इतकं गोड काही त्याच्या तोंडातून गेलं नव्हतं. ताटात बुंदी होती, ती फिकी लागली.

शेजारी मंचरकडचे एक म्हातारबुवा जेवत होते. ते मगापासून ऐकत होते. त्यांनी घास गिळला आणि विचारलं, "पेंटर, सगळं झकास हाय. पण एक सांगा, त्या म्हशीला सोंड का काढली?"

"कुठल्या म्हशीला?"

"लग्नाच्या भिंतीवर न्हाई का, तुमच्या नावाच्या वरच."

"हत्ती हाय त्यो."

"आसंल," म्हातारबुवा म्हणाले. "समद्यालाच समदं जमत न्हाई."

खरंच होतं. सोपानला चिंच जमली होती, नदी जमली होती, माणसंसुद्धा जमली होती. पण हत्ती त्याला कधीच जमला नव्हता, म्हणून तर धर्माजींनी वाटणी केली होती. त्याने काढलेला हत्ती म्हणजे फुगलेली म्हैस होती आणि तिला पुढून ठिबकचा पाइप जोडला होता. म्हणजे जे आपलं नव्हतं त्याचं कौतुक दिवसभर झालं, आणि जे एकच आपलं होतं, सगळ्या तालुक्यात ज्यासाठी आपलं नाव होतं, त्याची म्हैस झाली. तीही खाली आपली सही करून.

वर बघतो तर समोर सोपान, बुंदीची बादली घेऊन. त्याने सगळं ऐकलेलं होतं. सौदादपासून. कुंडलिकच्या ताटात त्याने एक जास्तीची मूठ वाढली आणि पुढे गेला. कुंडलिकने नंतर खूप विचार केला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी उठल्या उठल्या कुंडलिक माळ्यावर चढला. ब्रश दगड झाले होते. रत्नाने काही न विचारता वाटीत रॉकेल ओतून त्यात ते बुडवले, आणि वाटी त्याच्या हातात देताना एवढंच म्हणाली, "कुणाच्या अंगावर वतू नका म्हंजी झालं."

भिंतीपाशी सोपान आधीच होता. दगडावर बसून दात घासत होता.

"आलास?" तो म्हणाला.

"तू माझा हत्ती खराब केलास."

"मला आठवतो तसा काढला."

"मग तुझी आठवण भिकार हाय. त्यो असा नव्हता."

"कसा व्हता?"

एवढ्यात चांगुणा डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन चालली होती. तिला दोघांनी थांबवलं. लग्न तिचं, हत्तीही तिचाच. तिने निकाल द्यायचा ठरला.

"मला काय इचारता?" ती म्हणाली. "मी रडत व्हते त्या दिशी."

"हत्तीकडं एकदा बी बघितलं न्हाईस?" कुंडलिकचा आवाज चिरकला.

"हत्ती बघत बसले असते तर बोहल्यावर कोण गेलं असतं, तू?"

ती गेली. सोपानने चूळ भरली. "काढ की मग तू," तो म्हणाला. "तुला आठवतो तसा."

कुंडलिकने खिशातून खडू काढला आणि पायाजवळच्या फरशीवर रेघ मारली. पाठ, कपाळ, सोंड. हात भराभर फिरला. मागे सरकून बघितलं तर राजस्थानी झूल घातलेला सीडीवरचा हत्ती होता. त्याने पायाने पुसला आणि दुसरा काढला. तोही तोच, फक्त उलटा. तिसऱ्या वेळी त्याने डोळे मिटून काढला. झूल आलीच. त्या जुन्या भिंतीवरच्या हत्तीची सोंड वर होती की खाली, हेसुद्धा त्याला सांगता येईना. सोपानकडे निदान म्हैस तरी होती.

"चल," तो म्हणाला.

"कुठं?"

"तुझ्या गावाला. मे महिना हाय, पाणी उतरलं असंल."

दोघं हिरो होंडावर बसून निघाले. मंचर गेलं, घोडेगाव गेलं. धरणाच्या कडेला गाडी लावून ते उतारावरून खाली गेले. पाणी खरंच लांब गेलं होतं. गाळ सुकून त्याच्या खापऱ्या झाल्या होत्या, त्यावर दोन शेरडं चरत होती, आणि अधूनमधून जोत्यांच्या दगडांच्या ओळी जमिनीतून डोकं काढून होत्या.

कुंडलिकला सगळं सारखंच दिसत होतं. सोपान मात्र गल्लीतून चालावं तसा चालला होता. वळणावर वळत होता. एका ठिकाणी म्हणाला, "चपला काढ, देऊळ हाय." कुंडलिकने काढल्या. पुढे म्हणाला, "वाकून ये, चौकट खाली हाय." आणि कुंडलिक उघड्या आभाळाखाली वाकला. वाकल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. ह्याच्याकडे चौकटसुद्धा आहे, नसलेली.

"ही पडवी. हितं आई बसायची. आन् ही भित."

भिंत म्हणजे घोट्याएवढा मातीचा उंचवटा होता. कुंडलिक उकिडवा बसला. एकेक ढेकूळ उचलून त्याने बघितलं, कुठे चुना, कुठे गेरू, कुठे निळीची रेघ. काही नव्हतं. शेरडू जवळ येऊन तेही बघू लागलं.

"मी कुठं उभा व्हतो?" त्याने विचारलं.

"हितं. पाटावर. खालून हात पुरत नव्हता तुझा. आई म्हणली, पाट मोडंल, तर तू म्हणलास, मोडला तर हत्तीवर बसंन."

"मी म्हणलो?"

"व्हय. आन् गाणं म्हणत व्हतास सारखं. लई बेसूर."

कुंडलिक उठला. ह्या माणसाला आपला बावीस वर्षांचा कुंडलिक आपल्यापेक्षा जास्त माहीत होता. तोसुद्धा ह्यानेच ठेवून घेतला होता. त्याने जवळचा एक सपाट दगड ओढला, सोपानने दाखवलेल्या जागी ठेवला आणि त्यावर चढला. हात वर केला. समोर पाणी, त्यापलीकडे डोंगर. हवेत त्याने पाठीची रेघ ओढली, मग कपाळ, मग हात खाली न्यायला लागला.

"सांभाळून," सोपान म्हणाला, "तिथं कोनाडा व्हता."

कुंडलिकचा हात थांबला. मग तो आपोआप बाजूला सरकला, कोपरातून वळला आणि वर गेला, गोल, कोनाड्याला वळसा घालून.

"दिव्याचा कोनाडा!" तो ओरडला. शेरडं पळाली. "सोंडंच्या आड येत व्हता त्यो. म्हणून मी सोंड वर घेतली, त्याला खालनं धरून. आन् मग तुझ्या आईनं दिवा लावला तर…"

"तर काय?"

"हत्तीनंच सोंडंत दिवा धरल्यासारखा दिसायला लागला. तुला आठवत न्हाई?"

सोपान त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. "कोनाडा आठवतो," तो म्हणाला. "दिवा बी आठवतो. हे न्हाई."

परत येताना कुंडलिक गाडी चालवता चालवता बेसूर गात होता.

पण गावात आल्यावर सावळेरामअण्णा भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले होते. "हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "लग्नाची भित हाय. पोरगी कालच सासरी गेली. पुढचं लगीन निघंल तवा काय पुसायचं ते पुसा."

"अण्णा, ती म्हैस हाय वो!"

"म्हैस तर म्हैस. शुभ असती."

अण्णांचा नातू तेव्हा सहावीत होता. एवढं थांबणं शक्य नव्हतं. कुंडलिकने दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं, स्वतःच्या दारालगतची भिंत चुन्याने पांढरी केली, पहारीने तिच्यात हातभर उंच कोनाडा पाडला आणि पाटावर उभा राहिला.

दुपारपर्यंत गावभर झालं. लग्नाची भिंत रंगतेय, म्हणजे घरात लग्न आहे. आणि कुंडलिकच्या घरात त्याच्याशिवाय लग्नाजोगं कुणी नव्हतं. मुलगी तिसरीत होती. गेणू चहाची किटली घेऊन आला आणि हळूच विचारू लागला, "नवरी कुठली?" सोसायटीचे दोघे अभिनंदन करून गेले. शेजारणी रत्नाभोवती जमल्या. रत्नाने सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून पाटाखाली येऊन उभी राहिली.

"आदी सांगा, हत्ती कुणासाठी?"

"कुणासाठी न्हाई. सोंड बघायची हाय."

"दुसरी आणायची असंल तर तिला सांगा, सैपाक दोघींचा तिनं करायचा," रत्ना म्हणाली आणि त्याच्यासाठी पाटाखाली विटा लावून गेली, कारण पाट डुगडुगत होता.

पहिला हत्ती कुंडलिकने पुसला. दुसराही पुसला. तिसऱ्याच्या पाठीवर झूल यायला लागली तेव्हा त्याने डाव्या हाताने उजव्या हातावर चापट मारली. चौथ्या दिवशी, ऊन उतरताना, त्याने कोनाड्याखालून सोंडेची रेघ घेतली, एका दमात वर नेली, वळवली आणि ब्रश उचलला. मग खाली उतरून, मागे मागे सरकत, रस्त्यापर्यंत गेला.

त्या पाटावरच्या बावीस वर्षांच्या पोराइतका नव्हता जमला. त्याने ओळखलं. त्या पोराने एका दुपारी, गाणं म्हणत, न पुसता काढला होता. कुंडलिकला त्याचा असा काही हेवा वाटला, की सोपानचा हेवा त्यापुढे खेळातला होता.

पण शेजारून येणारी म्हैस थबकली आणि बाजूला सरकून गेली.

सोपान कधी येऊन उभा राहिला ते कळलं नाही. रत्नाने त्याच वेळी कोनाड्यात पणती ठेवली. सोपान बघत राहिला. पुढे गेला, सोंडेच्या वळणाजवळ बोट नेलं, रंग ओला म्हणून मागे घेतलं. त्याच्या आईचा कोनाडा, त्याच्या घरचा दिवा, त्याच्या बहिणीचं लग्न; आणि हा हत्ती रोज येता-जाता त्याच्या डोळ्यांसमोर होता, पाणी चढेपर्यंत, तीन वर्षं. त्याने वळून कुंडलिककडे बघितलं. ती नजर कुंडलिकने लगेच ओळखली. जानेवारीपासून दाढी करताना तो आरशात तीच बघत होता.

"ही सोंड," सोपान म्हणाला, "कशी घेतलीस, परत दाखीव."

"वाळू दे आदी," कुंडलिक म्हणाला, आणि ब्रश धुवायला बसला. मुद्दाम सावकाश.